उपसा

चुनखडीच्या गुहेत, पाण्याने भरलेल्या एका अरुंद बोळात तिचा नवरा बुडाला, त्याला आज नववा दिवस होता. देह काढायला आत गेलेले पाणबुडे दोनदा रिकाम्या हातांनी परतले होते. आता एकच उपाय उरला होता, पंप लावून सगळं पाणी उपसायचं.

"पण त्यातले आंधळे मासे एकूण एक मरतील," पथकाचा प्रमुख कागद पुढे करत म्हणाला. "ते जगात दुसरीकडे कुठेच नाहीत म्हणे. त्यांच्या जाणकार तुम्हीच, म्हणून तुमची सही लागेल."

त्या माशांच्या अभ्यासात दोघांची अकरा वर्षं गेली होती. गुहेत कुणी पाण्यावर बॅटरी मारली तरी ती अंगावर धावून जायची. आज मात्र तिनं क्षणभरही विचार केला नाही.

"मरू देत," म्हणत तिनं पेन उचललं. "मला तो घरी हवाय."

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी तिचा हात धरला.

"त्या माशांना दिसत नाही ना गं? मग हा जवळ गेलेला त्यांना कळायचा?"

"कळायचा, आई. त्यानं पाण्यात हात घातला की त्याच्या बोटांभोवती गोळा व्हायचे."

सासूबाईंनी गुहेच्या काळ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी सुनेच्या हातातलं पेन हलकेच काढून घेतलं.

"राहू दे त्याला. ओळखीच्यांत आहे तो."