एक टिंब

रिछाईच्या एका कारखान्यात क्रेन चालवणाऱ्यांना झोपेच्या आजाराचा हिंदी फॉर्म वाटला गेला. तीन ‘हां’ आले की तपासणी होईपर्यंत क्रेनला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. शशिकांतचं घोरणं आणि ब्लडप्रेशर साऱ्या खात्याला ठाऊक, त्यामुळे ते दोन ‘हां’ त्याने मुकाट्याने लिहिले आणि पुढचे प्रश्न तो जपून वाचू लागला.

शेवटचा प्रश्न होता, ‘क्या रात में आपकी सास रुकती है?’

सासूबाईंचा यात काय संबंध, ते त्याला कळेना. पण उत्तर सोपं होतं. त्या चेरीतालहून लेकीकडे आल्या तरी दिवेलागणीच्या आत परत जायच्या. मागच्या दिवाळीत एकदाच मुक्काम केला, तर पहाटेच जागरणाच्या लाल डोळ्यांनी पिशवी उचलून निघाल्या. त्यानंतर लाख विनवण्या केल्या तरी नाहीच. त्याने ठसठशीत ‘नहीं’ लिहिलं. क्रेन वाचली.

घरी चहा पिता पिता त्याने बायकोला, इंदूला, मोबाइलवर फॉर्मचा फोटो दाखवला. “आता कंपनी सासवा पण मोजून राहिली!”

इंदू हसली नाही. “अहो, ‘सास’वरचं टिंब छापायचं राहिलं. श्वासाचं विचारून राहिले ते.”

“मग ते पण नाहीच. माझा श्वास कुठं थांबते?”

इंदूने कप खाली ठेवला.

&nbsp;

“तुमची सांस रुकते, म्हणूनच तर तुमची सास रुकत नाही.”