पोरगा करते काय?

धनंजयचा धंदा एका शब्दात सांगता येत नसे, आणि सोयरिकीत तो नेमका एकाच शब्दात सांगावा लागतो. दुकानांना नावं सुचवणं, त्यांच्या पाट्या रंगवणं, नवरात्रात मंडळांसाठी आत शिरून फिरता येईल असा देखावा उभारणं, हे सगळं मान हलवत ऐकून, त्यानं जिला मागणी घातली होती त्या मोहिनीच्या वडिलांनी, समुद्रपूरच्या अण्णाजींनी, विचारलं होतं, "ते समजलं. पण पोरगा करते काय?"

"बाबाले सांगू नका, दाखवा," मोहिनी म्हणाली. म्हणून अष्टमीला त्यानं अण्णाजींना वर्ध्याला आणलं आणि आपण बांधलेल्या गुहेत एकट्यानं सोडलं. गोणपाटाचे कडे, चार कूलरची हिमालयी हवा, सलाइनच्या नळीतून डोक्यावर ठिबकणारं पाणी आणि शेवटच्या वळणावर अचानक देवी. तो बाहेरच्या तोंडाशी जीव मुठीत धरून उभा राहिला.

अण्णाजी बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी धनंजयचे दोन्ही हात धरले.

"लेका, एवढं जागृत ठाणं म्या जलमात पाह्यलं नाई! आत गेलो अन् गोणपाट हाये हेच इसरलो."

"मंग अण्णाजी... मोहिनीचं कसं करता?"

"तिची आता चिंताच नाई राह्यली," डोळे पुसत अण्णाजी म्हणाले. "देवीले नवस बोलून आलो ना, पोरीले नोकरीवाला पोरगा भेटू दे म्हणून."