परका भाग

ताईच्या फोनचा पडदा फुटला, पण बॅटरी ठणठणीत होती. धाकट्या भावाच्या फोनची बॅटरी गेली होती, म्हणून तीच तिनं कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून त्यात बसवून घेतली. दोन्ही फोन एकाच कंपनीचे, एकाच आईची लेकरं म्हणा ना! तरी पडद्यावर अक्षरं उमटली, 'परका भाग', आणि फोन चार्ज होईना. भावाच्या गोळ्यांचे गजर त्याच फोनवर वाजायचे, आणि एकही गोळी चुकली तर जिवाशी गाठ, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

कंपनीच्या काउंटरवरचा टायवाला नाक मुरडून म्हणाला, "मॅडम, दुसऱ्याचा भाग फोन आपला मानत नाही. नवीनच घ्या."

"पण भाग तुमचाच ना?"

"आमचाच. पण ह्या फोनचा नाही."

"वा रे वा! पोटच्या लेकरालाच ओळख देत नाही होय तुमची कंपनी?" ताईनं फोन पर्समध्ये टाकला. पोटावरचे टाके सावरत भाऊ हळूच शेजारच्या खुर्चीतून उठला.

"चल रे बाळा, गजराचं घड्याळ घेऊ. नशीब, तुला ह्यांनी नाही घडवलं. माझी किडनी परकी म्हणून बाहेर फेकली असती मेल्यांनी!"