वीस जॅकेटं, तीन बोटी

तपासणीचे साहेब पहिल्या बोटीवरून उतरून चहाला बसले आणि धक्क्यामागच्या बोळातून हातगाडी पळाली. गाडीत तीच वीस लाइफ जॅकेटं होती. साहेबांचा कप रिकामा व्हायच्या आत ती दुसऱ्या बोटीवर पोचायची. दर सहा महिन्यांनी हेच नाटक. साहेबही चहा अगदी बेतानं पीत.

शिंपीणबाई मशीनवरून हे बघत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. तिची लेक पलीकडच्या काठावर इस्पितळात नर्स. रोज तिसऱ्या बोटीनं जायची. गेल्या आठवड्यात त्या बोटीत गुडघाभर पाणी शिरलं, तेव्हा बायका एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. एकीच्याही अंगावर जॅकेट नव्हतं. आज तर समुद्र त्याहून खवळलेला.

कालच ती जॅकेटं पट्टे शिवायला तिच्याकडे आली होती. तिनं पट्टे शिवले आणि प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या दोऱ्यानं वीतभर मोठा एकचा आकडा घातला. पहिल्या बोटीची जॅकेटं आता पहिल्या बोटीचीच! सकाळी पोतं उघडल्यावर बोटींचा मालक आकडे उसवायला कात्री शोधू लागला, पण तोवर साहेबांची गाडी धक्क्यावर उभी होती.

आता ती मशीन सोडून दुसऱ्या बोटीपाशी गेली. साहेबांनी एक जॅकेट उचललं, पाठ बघितली, मालकाकडे बघितलं. मालकाचं तोंड एवढंसं झालं.

"अहो, मग उलटी करून ठेवा की," साहेब म्हणाले. "सगळं आम्हीच शिकवायचं का?"

शिंपीणबाई पाय आपटत तिसऱ्या बोटीकडे निघाली.

तिसरी बोट साहेबांनी धक्क्यावरूनच पास केली. जॅकेटं हलवायचीही गरज पडली नाही. पलीकडच्या धक्क्याची तपासणी बाकी होती, म्हणून ते याच बोटीनं निघाले. लेक आधीच फळीवर जाऊन बसली होती. साहेबांनी लाटांकडे एक नजर टाकली, बॅग उघडली आणि स्वतःचं कोरं करकरीत जॅकेट काढून अंगात चढवलं.

"साहेब, थांबा जरा," शिंपीणबाई गोड आवाजात म्हणाली. "पट्टा उसवलाय तुमचा. काढा, दोन टाके घालते."

साहेबांनी ते काढून दिलं. बाई तडक बोटीत चढली, जॅकेट लेकीच्या अंगात घातलं आणि बकल खटकन लावलं.

"आई, अगं, हे काय..."

"तू गप्प बस." मग ती साहेबांकडे वळली. "या, बसा. तुमच्या कागदावर या बोटीत वीस आहेत ना? घ्या त्यातलं एक."

साहेबांनी फळ्यांखाली वाकून बघितलं. मग समुद्राकडे बघितलं. तेवढ्यात एक लाट धक्क्यावर आपटली आणि त्यांचे बूट भिजले.

"ए!" ते खलाशावर ओरडले. "दोर सोडू नकोस! ही बोट जायची नाही!"