एकच पेपर बाकी

आमच्या बोलोन्यात विद्यार्थी पदवीआधी आझिनेल्लीचा जुना मनोरा चढत नाहीत. जो चढला, त्याची पदवी कायमची हुकली म्हणून समजा. ओरेस्तेने वकिलीचा शेवटचा पेपर न देताच चीजचं दुकान थाटलं. टक्कल पडलं, गिऱ्हाइकांना चीजबरोबर कायद्याची कलमं फुकट वाटून झाली, तरी मनोऱ्याची पायरी त्याने शिवली नाही. बायको एर्सिलिया लग्नापासून म्हणतेय, “एकदा वरून गाव बघू रे, दोघं मिळून.” काल डॉक्टरने तिला बजावलं, हे गुडघे आता फार दिवस जिने चढायचे नाहीत. आज ओरेस्ते ऐन गर्दीत दुकान बंद करून तिला मनोऱ्याशी घेऊन आला. “आणि तुझी पदवी?” तिने विचारलं. “गेली खड्ड्यात! चल.” त्याने पाय उचलला, तोच तिने त्याचा कोट ओढला. “थांबा, वकीलसाहेब! आधी पेपर द्या. तोवर गुडघ्यांना मी समजावते.”