चावलेल्या नळ्यांची फळी

मोरेनोनं एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, काळ्या कांड्यांची पेटी बाकावरून उचलली. एर्सीलियाकाकूनं हातातली कानस त्या पेटीवर आडवी ठेवली.

"ठेव ती खाली."

"काकू, काका गेले. आता या कांड्यांना हात लावणार कोण? तुम्ही?"

काकू हसली. सवयीप्रमाणे तोंडावर तळवा धरून हसली.

दाराशी व्हालतोर्ता उभा होता. मिलानचा व्यापारी. दुइलिओकाकाचे तंबाखू ओढायचे पाइप तो तीस वर्षं विकत आला होता, त्यातलाच एक तोंडात धरून. आज त्यानं पाइपच्या, ओठात धरायच्या अ‍ॅक्रिलिकच्या तयार नळ्यांचा खोका आणला होता. मधाच्या रंगाच्या, दुधाच्या रंगाच्या, आरशासारख्या.

"ही नळी उन्हात पिवळी पडत नाही, सिन्योरा," तो म्हणाला. "गंधकाचा वास नाही. पुसा, नका पुसू. तक्रार नाही."

काकूनं एक नळी उचलून बाकाच्या कडेवर वाजवली. टक्.

"हे ओठात धरायचं? पेल्याची काच चावल्यासारखं? एबोनाइट रुसतं, खरंय. उन्हात ठेवलं की हिरवट होतं, कडू होतं. मग ऑलिव्हच्या तेलाचं बोट फिरवायचं, अंधारात निजवायचं. ओढून झालं की पुसायचं, गरम असताना पिळून काढायचं नाही. एवढं जपलं की जन्मभर ओठाशी राहतं. दाताखाली जरासं दबतं, आणि दबतं म्हणूनच आपलं होतं."

"ते जपणारे हातच गेले ना, काकू!" मोरेनोचा आवाज चढला. "हट्ट सोडा. घरी बसा, सुखानं खा. ही फळीसुद्धा मी साहेबांना द्यायची कबूल केलीय. त्यांच्या दुकानात काचेआड राहील. काकांची आठवण."

फळी भिंतीवर होती. नवा घाट ठरवायचा म्हणजे आधी चाचणीची एक नळी कापायची, ती चावून बघायची. जाडी, उतार, ओठाची कड. मनासारखी झाली की तिच्यावरून माप घ्यायचं आणि ती फळीवर टांगायची, ही त्या कारखान्याची रीत. अशा साठेक नळ्या तिथं लटकत होत्या. साऱ्यांवर एकच चावा. दोन खळगे, आणि त्यांच्यामध्ये एका दाताएवढी कोरी, गुळगुळीत जागा. अख्खं पेझारो गाव त्याला दुइलिओचा चावा म्हणे. दुइलिओच्या झुपकेदार मिशीआडचे दात मात्र कुणी नीट पाहिले नव्हते.

मोरेनोनं पेटी काखेत धरून फळीला हात घातला. काकू मध्ये येऊन उभी राहिली.

"आठवण कुणाची म्हणालास?"

तिनं फळीवरची एक नळी काढली. या वेळी तळवा तोंडावर न नेता ओठ उघडले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत तिचे वरचे दात उघडे पडले. मधला एक नव्हता. लहानपणी द्राक्षं पिळायच्या यंत्राचा दांडा लागून गेलेला.

तिनं नळी दातांत धरली आणि हात सोडले. नळी हलली नाही. खळग्यात दात बसले. कोऱ्या जागेवर पोकळी आली.

मोरेनोनं पेटी बाकावर टेकवली.

काकूनं नळी काढून एप्रनला पुसली. "लाकूड दुइलिओला कळायचं. पाइपच्या वाट्या त्याच्या, कबूल. नळ्या माझ्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, बायकोनं चावून ठरवलेली नळी कुठला पुरुष तोंडात धरील? तेव्हा मी मागच्या खिडकीत बसले. तेव्हा मी गप्प बसले. आता मी पुढच्या बाकावर बसणार आहे."

ती दुइलिओच्या स्टुलावर बसली. पेटीतली एक काळी कांडी काढून तिनं बाकावरच्या लोखंडी पकडीत आवळली. मग व्हालतोर्ताकडे मान वळवली.

"तुमच्या तोंडातली नळी माझ्याच चाव्याच्या मापाची आहे, साहेब. तीस वर्षं झाली. नकोशी झाली असेल तर काढा, इथंच काढा."

व्हालतोर्ता मानेपर्यंत लाल झाला. त्यानं एका हातानं अ‍ॅक्रिलिकचा खोका मिटला. दुसरा हात पाइपपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

त्याच्या दातांखाली एबोनाइट जरासं दबलं.