फार तर तीन टक्के

बर्लिनमधलं केंद्र सरकार निम्म्या वाटेवर आलं होतं. राज्याची निवडणूक म्हणजे सत्तेतल्या पक्षांची सहामाही परीक्षाच. त्यांतल्या सगळ्यात छोट्या पक्षाच्या विधानसभेतल्या कार्यालयात ध्रुव नोकरीला होता. पाच टक्के मतं मिळाली नाहीत, तर पक्ष विधानसभेच्या बाहेर आणि ध्रुव घरी.

त्याचं काम एवढंच, की लोकांच्या अपेक्षा आधीच खाली आणून ठेवायच्या. मग निकाल कसाही लागला तरी बरा दिसतो. महिनाभर तो पत्रकारांना, शेजाऱ्यांना, अगदी घरी जेवतानासुद्धा सांगत राहिला, "आम्हाला फार तर तीन टक्के."

रविवारी संध्याकाळी आकडा आला. चार पूर्णांक नऊ.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. "अपेक्षेपेक्षा कितीतरी सरस!" अध्यक्षांनी कॅमेऱ्याला सांगितलं. मग ध्रुवची पाठ थोपटून म्हणाले, "उत्तम काम केलंस. महिनाअखेरीला टेबल तेवढं आवरून ठेव."

घरी त्याची बायको अश्लेषा जेवायची थांबली होती. तिला यंदाच जर्मन पासपोर्ट मिळाला होता आणि आज तिनं इथलं पहिलं मत दिलं होतं.

"थोडक्यात गेलं गं," ध्रुव बूट काढत म्हणाला. "तू तरी आम्हालाच दिलंस ना?"

 

"तुम्हाला? तीनच टक्के मिळणार म्हणून रोज तूच सांगत होतास की! मीच काय, आमच्या अख्ख्या ढोल पथकानं दुसऱ्यांना दिलं. पहिलंवहिलं मत, वाया कशाला घालवायचं?"